हवेतला तास, जमिनीवरचा दिवस



ज्या सरांच्या स्मरणार्थ पुण्याच्या येरवड्यातली ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. नकाशा उघडला की आधी खालच्या कोपऱ्यातलं प्रमाण वाचायचं आणि मग गावं शोधायची, असा त्यांचा दंडक होता, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांना आठवून मी आज अंतराचाच विषय घेतला आहे: आपल्या महाराष्ट्रातल्या दोन विमानतळांमधलं अंतर, आणि ते तोडायला लागणारा वेळ.

इथून हाकेच्या अंतरावरचा लोहगाव विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव विमानतळ यांच्यामध्ये सरळ रेषेत साधारण 605 किलोमीटर अंतर आहे. रस्त्यानं गेलात तर ते 700च्या वर जातं. दौंड, मनमाड, भुसावळमार्गे रेल्वेनं ते आणखी वाढतं. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत 881 किलोमीटर धावते आणि 12 तास घेते. विमान हवेत जेमतेम एक तास पाच-दहा मिनिटं असतं. तेच पुणे, तेच नागपूर आणि तीन वेगळी अंतरं. मी मूळचा विदर्भातला. नगर रोडवर संध्याकाळी बॅगा घेऊन ट्रॅव्हल्सची वाट बघत उभी असलेली तरुण मुलं-मुली तुम्हीही पाहता. त्यांतली बरीचशी अमरावती, अकोला, यवतमाळ, नागपूरची असतात. सरळ रेषेतल्या 605 किलोमीटरचा त्यांना काहीच उपयोग नाही. त्यांची सगळी रात्र बसमध्ये जाते.

आज मला जे मांडायचं आहे ते एवढंच आहे की, छोट्या आणि मध्यम विमानतळांच्या बाबतीत किलोमीटर आणि उड्डाणाची मिनिटं हे दोन्ही आकडे फार थोडं सांगतात. सकाळी निघून, तिथलं काम उरकून त्याच रात्री घरी परत येता येतं का, हे विचारलं पाहिजे. त्याचं उत्तर वेळापत्रकात, धावपट्टीवर आणि परवानग्यांमध्ये असतं. आकाशात ते सापडत नाही.

हे येरवड्यात बोलण्याला एक कारण आहे. आपल्या देशातल्या नियमित हवाई टपालाच्या इतिहासात येरवड्याचं एक मैदान आहे, आणि ते आपल्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. इंपीरियल एअरवेजनं लंडनहून कराचीपर्यंत आणलेलं टपाल पुढे न्यायचं होतं. वाटेत अहमदाबादला थांबून त्यांनी पेट्रोल भरलं. ते पेट्रोल बैलगाडीतून, डब्यांमधून आलं होतं. दुपारी ते जुहूला उतरले. तिथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. त्याआधी तीनच आठवडे, 24 सप्टेंबरला, इथल्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या होत्या आणि गांधीजी अजून तुरुंगातच होते. तो काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून हे सांगतो.

जुहूचा विमानतळ म्हणजे तेव्हा समुद्राकाठचं एक सखल चिखलाचं मैदान होतं. भरतीला ते समुद्राच्या पातळीखाली जाई आणि पावसाळ्यात पाण्यानं भरून जाई. मग टाटांची मंडळी काय करत? स्वतः जेआरडींनीच पुढे सांगून ठेवलं आहे की, पाऊस सुरू झाला की दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तरा उचलून ते पुण्याला येत. इथे त्यांना एक मैदान विमानतळ म्हणून वापरायला मिळालं होतं. ते मैदान येरवडा तुरुंगाच्या सावलीत होतं.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. जुहू ते येरवडा हे हवेतलं अंतर साधारण 125 किलोमीटर. पस मॉथच्या त्या काळच्या वेगानं ते पाऊण तासाचं. पण जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की विमानाचा मुक्कामच घाटावर यायचा. कराची जागची हलत नव्हती, मद्रास हलत नव्हतं, मुंबईही हलत नव्हती, तरी मार्ग बदलत होता. कारण विमानाला उतरायला कोरडी, कठीण जमीन लागते. नव्वद वर्षांनंतर धावपट्ट्या डांबरी झाल्या, दिवे आले, रडार आलं. मूळ गोष्ट मात्र तीच राहिली. हवाई मार्गाची लांबी जमिनीवर ठरते.

स्वातंत्र्यानंतर लगेच, जमिनीवर वेळा जुळवून हवाई मार्ग आखण्याची एक सुंदर योजना आपल्या देशानं करून दाखवली. 1949 च्या जानेवारीत रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांहून संध्याकाळनंतर डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, विमानं परत फिरायची आणि सकाळी पत्रं त्या त्या शहरात वाटायला तयार असायची. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे आपण अभिमानानं सांगतो. पण नुसतं मध्यावर असून काही होत नाही. मुंबई–नागपूर अंतर सातशेच्या आत आहे आणि कलकत्ता–नागपूर त्याहून बरंच जास्त. तरी सगळी विमानं एकाच वेळी सोनेगावला पोचायची, कारण प्रत्येकाची सुटण्याची वेळ त्या बेतानं ठरवलेली होती. आधी सकाळच्या टपालाची वेळ धरली आणि मग उलटं मोजत रात्रीची उड्डाणं लावली. पत्रासाठी त्या काळात जे जमलं, ते माणसासाठी आज का जमू नये, हा माझा प्रश्न आहे.

आता उड्डाणाचा वेळ म्हणजे नक्की काय, ते जरा जवळून पाहू. तिकिटावर पुणे–नागपूर सव्वा तास किंवा दीड तास असं लिहिलेलं असतं. विमान कंपन्या हा वेळ चाकांवरून मोजतात. उभ्या विमानाच्या चाकांना पुढून-मागून अटकाव म्हणून ठोकळे लावतात, त्यांना चॉक म्हणतात. चॉक काढल्यापासून पलीकडच्या विमानतळावर पुन्हा चॉक लागेपर्यंतचा हा वेळ असतो. त्यात विमान मागे ढकलणं आलं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं आणि तिथे रांगेत थांबणंही आलं.

लोहगावात हे थांबणं थोडं वेगळं असतं. 1939 मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलानं हा तळ उभारला आणि आजही तो भारतीय हवाई दलाचा आहे. नागरी विमानतळ त्याच्या एका बाजूला वसलेला आहे. धावपट्टी एकच, आणि हवाई वाहतुकीचं नियंत्रणही हवाई दलाकडे. आपल्या डोक्यावरून सुखोई गडगडत जातात तेव्हा लहान मुलं बोट दाखवतात. त्याच वेळी एखादं प्रवासी विमान आपली पाळी येण्याची वाट बघत खाली उभं असतं किंवा वर घिरट्या घालत असतं. याबद्दल तक्रार करायची असं माझ्या मनात नाही. देशाचं संरक्षण आधी. पण पुण्याच्या विमानांचा वेळ मोजताना हे धरलंच पाहिजे.

विमान उडाल्यावर काय होतं? एअरबससारखं जेट साधारण वीस मिनिटं चढत असतं. तीस-तेहेतीस हजार फुटांवर पोचेपर्यंत त्यानं पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर मागे टाकलेले असतात. आणि उतरायला सुरुवात करायची तीही मुक्कामाच्या 180–190 किलोमीटर आधी. म्हणजे पुणे–नागपूरच्या 605 किलोमीटरमध्ये सपाट, पूर्ण वेगाचं उड्डाण जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. बाकी सगळं चढण आणि उतरण. पंखेवालं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं आणि जेट ताशी आठशेच्या वर. आकडे पाहून वाटतं, केवढा फरक! पण तीनशे किलोमीटरच्या मार्गावर तो फरक दहा-पंधरा मिनिटांवर येतो. एटीआरला धावपट्टी आखूड चालते आणि इंधनही कमी लागतं. म्हणून पुण्याहून जळगाव (सरळ रेषेत सव्वातीनशेच्या आत) किंवा सिंधुदुर्ग (290च्या आसपास) अशा मार्गांवर पंखेवालं विमानच योग्य. लोक त्याला ‘जुनाट विमान’ म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही.

सरळ रेषेचंही असंच आहे. विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, वळणाचे ठरलेले बिंदू असतात आणि लष्करासाठी राखून ठेवलेली आकाशाची मोठमोठी क्षेत्रं असतात, त्यांना वळसा घालावा लागतो. मे 2020 मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की, देशाच्या आकाशापैकी फक्त 60 टक्के नागरी विमानांना मोकळं आहे. हे निर्बंध सैल केले तर विमान वाहतुकीचे वर्षाला हजार कोटी रुपये वाचतील असा अंदाजही तेव्हा दिला होता. शिवाय वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. पुण्याहून नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि येताना तोंडावर. जाण्या-येण्याच्या वेळात पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो तो यामुळे.

पण खरा वेळ यातल्या कशातच जात नाही. येरवड्यातून निघणारा माणूस उड्डाणाच्या दोन तास आधी विमानतळावर पोचायचं म्हणून घर सोडतो. विमानतळ इतका जवळ असूनही वेकफिल्ड चौकाची आणि विमानतळ रस्त्याची धास्ती असते. नागपूरला उतरल्यावर सामान, रिक्षा, सीताबर्डी. घरापासून घरापर्यंत चार-साडेचार तास. हवेतल्या तासाच्या चौपट. तरी रेल्वेच्या 12 तासांपुढे हे फार बरं. पुणे–सोलापूरला हाच हिशेब लावा. रस्ता 250 किलोमीटर, गाडीनं चार-साडेचार तास. तिथे विमान कितीही जलद उडालं तरी जिंकू शकत नाही. दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या आतल्या मार्गावर, मध्ये घाट किंवा खाडी नसेल तर, विमानाचा आग्रह धरू नये असं माझं मत आहे. तिथे चांगली रेल्वे मागावी. सिंधुदुर्गाचं वेगळं. पुण्याहून कुडाळला जायचं तर सह्याद्री उतरावाच लागतो आणि गाडीनं सात-आठ तास मोडतात. तिथे तासाभराचं विमान खरंच दिवस वाचवतं.

सोलापूरचं नाव निघालं आहे तर थोडं थांबतो, कारण छोट्या विमानतळांची सगळी अडचण तिथे डोळ्यांना दिसते. होटगी रस्त्यावर विमानतळ होता, धावपट्टी होती, विमानं मात्र नव्हती. उतरण्याच्या वाटेवर सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उभी होती. उंची सुमारे 92 मीटर, म्हणजे तीस मजली इमारतीएवढी. एका बाजूला शहराला विमान हवं होतं, दुसऱ्या बाजूला हजारो ऊस उत्पादक सभासदांचा कारखाना होता. वर्षानुवर्षं अर्ज, कोर्ट, मोर्चे, उपोषणं चालली. बोरामणीला नवा विमानतळ करायचा म्हणून जमीन घेतली, तर तिथे वनजमिनीचा प्रश्न आडवा आला. शेवटी 15 जून 2023 रोजी ती चिमणी पाडली. काही क्षणांत ती कोसळतानाची दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्यानंतरही पहिलं प्रवासी विमान उडायला 9 जून 2025 उजाडलं, आणि ते गेलं गोव्याला. म्हणजे अडथळा गेल्यावरही दोन वर्षं. धावपट्टीची दुरुस्ती, परवाना, सुरक्षा, अग्निशमन आणि मग विमान कंपनी मिळणं, या सगळ्याला तेवढी वर्षं गेली. सोलापूर ते गोवा किती मिनिटांचं, असं कुणी विचारलं तर आकडा सांगता येतो. पण त्या मिनिटांच्या मागे एका शहराची किती वर्षं गेली, ते त्या आकड्यात दिसत नाही. आणि कारखान्याच्या सभासदांनी जे सोसलं तेही दिसत नाही. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांना ‘विकासाच्या आड येणारे’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता सरकारी योजनेकडे येतो. छोटी शहरं विमानानं जोडण्यासाठी केंद्रानं 2016 मध्ये ‘उडान’ योजना आणली. साधारण तासाभराच्या उड्डाणाच्या निम्म्या जागांना 2500 रुपयांची कमाल मर्यादा, आणि विमान कंपनीला तीन वर्षं तूट भरून द्यायची, असा तिचा सांगाडा. 27 एप्रिल 2017 रोजी ज्या पहिल्या उड्डाणांना पंतप्रधानांनी शिमल्याहून झेंडा दाखवला, त्यांत आपलं नांदेड होतं. नांदेडचं विमान हैदराबादला निघालं. मराठवाड्याच्या दृष्टीनं तो मोठा दिवस होता.

पुढे काय झालं ते भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात आहे. दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि अनुदान संपल्यावर मार्च 2023 पर्यंत टिकून राहिले फक्त 54. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळे विमानात पहिल्यांदा पाय ठेवलेली माणसं आपल्या घरांमध्ये आहेत. पण तीन वर्षांत लोकांना त्या मार्गांची सवय लागली नाही, असं का झालं?

त्याचं एक कारण मला अमरावतीत दिसतं. बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं एटीआर सुरू झालं, तेव्हा ते आठवड्यातून तीन दिवस होतं. अमरावतीचा एखादा वकील किंवा व्यापारी सोमवारी मुंबईला गेला तर परतीचं विमान बुधवारी. पावणेदोन तासांच्या प्रवासापायी मुंबईत दोन रात्रींचा मुक्काम, हॉटेल, जेवणखाण. त्यापेक्षा तो रात्रीची अंबा एक्स्प्रेस धरेल, दुसऱ्या दिवशी काम उरकेल आणि रात्री परत बसेल. त्याच्या लेखी रेल्वेच जलद ठरते, आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. विमान आठवड्यातून तीनदा आहे म्हणून प्रवासी येत नाहीत, आणि प्रवासी येत नाहीत म्हणून ते रोज होत नाही. या फेऱ्यात अनुदानाची तीन वर्षं निघून जातात.

दुसरं कारण रात्रीचं. छोट्या विमानतळांवर पुष्कळदा फक्त दिवसा, नजरेच्या भरवशावर विमानं उतरवता येतात. शिर्डीचा विमानतळ ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाला, पण हिवाळ्यात दृश्यमानता कमी झाली की तिथली विमानं रद्द व्हायची. रात्रीचं विमान उतरायला 2025 उजाडलं. पुण्यासारख्या मोठ्या विमानतळालासुद्धा याचा अनुभव आहे. ऑक्टोबर 2020 पासून वर्षभर धावपट्टीच्या कामासाठी रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद होती आणि शेवटी 16 ते 29 ऑक्टोबर 2021 असे 14 दिवस विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला. त्या वर्षी पुण्याहून कुठेही सकाळी लवकर जाऊन रात्री परतता येत नव्हतं. अंतर एक इंचानंही वाढलं नव्हतं.

तिसरं कारण शेजारचं. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला. त्यानंतर सव्वा वर्षातच गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाला. दोहोंमधलं सरळ अंतर 50 किलोमीटरच्याही आत. मोप्याला दिवसभर विमानं, देशभरची शहरं, भाड्यात स्पर्धा. सावंतवाडीचा माणूस मोप्याला गेला तर त्याला दोष कसा द्यायचा? कोकणातल्या लोकांनी चिपीसाठी इतकी वर्षं वाट पाहिली, आणि तो सुरू होतो न होतो तोच ही वेळ आली. मला याचं मनापासून वाईट वाटतं. दोन राज्यांनी एकत्र बसून हे आधी ठरवायला हवं होतं.

आणि आता आपल्या दारातला प्रश्न. लोहगावला जुलै 2024 पासून नवं टर्मिनल वापरात आहे, त्यामुळे गर्दी थोडी सुसह्य झाली. पण धावपट्टी एकच आणि तीही हवाई दलाची, म्हणून पुण्यासाठी पुरंदरला नवा विमानतळ करायचा असं ठरलं आहे. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांची जमीन त्यात आहे. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे आणि त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मी स्पष्टपणे म्हणतो. मला त्याला प्रवासाच्या हिशेबाचीही जोड द्यायची आहे. मोठ्या, लांबच्या उड्डाणांना पुरंदर सोयीचं होईल. दुबईला निघालेल्या माणसाला घाट ओलांडून तासभर जादा गेला तरी चालतो. पण नागपूर, जळगाव, सिंधुदुर्ग अशा तासाभराच्या मार्गांना तो जादा तास मारक ठरेल. येरवडा, विमाननगर, खराडी, हडपसर, अगदी पिंपरी-चिंचवडच्या माणसालासुद्धा दिवेघाट चढून पुरंदरला जायचं तर नागपूरचा प्रवास साडेचारवरून सहा तासांकडे सरकेल. म्हणून नवा विमानतळ झाला तरी राज्यांतर्गत छोटी विमानं लोहगावलाच ठेवावीत, अशी माझी सूचना आहे. हवाई दलाशी वाटाघाटी करून पहाटे आणि रात्रीच्या वेळा या छोट्या विमानांसाठी राखाव्यात. येरवड्यातून रामवाडीपर्यंत मेट्रो आलीच आहे, ती पुढे विमानतळापर्यंत न्यावी.

विमानतळ कुठलाही असो, शेवटी गाठ वेळापत्रकाशी आहे. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याच्या कित्येक महिने आधी कंपन्या विमानतळांकडे वेळा मागतात आणि त्या ठरतात. आपण मात्र वेळापत्रक छापून आल्यावर बोलू लागतो. विदर्भातून इथे आलेली जी मंडळी आज सभागृहात आहेत, त्यांना माझी विनंती आहे. ऑक्टोबरचं वेळापत्रक ठरण्याआधी, म्हणजे उन्हाळ्यातच, एक लेखी मागणी आपल्या खासदारांकडे, विमानतळ संचालकांकडे आणि कंपन्यांकडे पाठवा. तिच्यात ‘विमान हवं’ एवढंच लिहू नका. पुण्याहून सकाळी सातच्या आत नागपूरला, नागपूरहून रात्री आठनंतर पुण्याला, आणि असंच उलट बाजूनं, सोमवार ते शनिवार रोज, असं वेळेसकट लिहा. किती जण कुठल्या दिवशी जातात याची नोंद त्याला जोडा. ती नोंद करायचं काम इथल्या मंडळांनी हाती घेतलं, तर त्यात माझाही हातभार लागेल.